टाय रॉड एंड घरी बदलताना: कामाचा क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा टोकाचा सांधा, बदलणं म्हणजे बघायला गेलं तर दोन नट आणि एक पिन. तरीही घरी हे काम केलेल्यांची तक्रार ठरलेली असते. खडखड गेली, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं. किंवा काही हजार किलोमीटरमध्येच चांगला टायर एका कडेने खाल्ला जातो. पार्ट बहुतेक वेळा नीट बसवलेला असतो. चूक त्याआधीच झालेली असते: जुना एंड काढायच्या घाईत रॉडची लांबी कुणी मोजलेली नसते.

इथे दिलेला क्रम पुढच्या चाकांच्या बाहेरच्या टाय रॉड एंडसाठी आणि रॅक-पिनियन स्टिअरिंगच्या (ज्यात रॅक नावाची दातेरी पट्टी सरकून चाकं वळवते) गाड्यांसाठी आहे. आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम कार याच प्रकारच्या असतात. आतला जोड, म्हणजे रॅक एंड, बदलायला बेलो (रॅकच्या टोकावरचं घड्यांचं रबरी आवरण) काढावा लागतो आणि हत्यारंही वेगळी लागतात. तो या लेखात नाही.

## १. दोष नक्की तिथेच आहे का?

खड्ड्यात खडखड आली की सगळे टाय रॉड एंडवर बोट ठेवतात. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि चाकाचं बेअरिंग यांचे आवाजही थोड्याफार फरकाने तसेच असतात. म्हणून पार्ट आणण्याआधी दोन चाचण्या करा.

पहिली चाचणी गाडी जमिनीवर असताना. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना ठोकळे लावा. सोबत्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंसंच, पण झटपट हलवायला सांगा. तुम्ही चाकामागे हात घालून बोटं अशी ठेवा की अर्धी जोडावर आणि अर्धी स्टिअरिंग आर्मवर येतील. स्टिअरिंग आर्म म्हणजे चाकाच्या हबमागचा तो कान, ज्यात एंडचा खुंट बसतो. चांगल्या जोडात दोन्ही भाग एकदम हलतात. झिजलेल्या जोडात एक आधी हलतो, दुसरा टक् करून मागून येतो. हा टक् कानाला ऐकू आला नाही तरी बोटांना कळतो.

दुसरी चाचणी चाक उचलून. टायर घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून आत-बाहेर हलवा, मग १२ आणि ६ च्या जागी धरून. फक्त आडवा खेळ असेल तर टाय रॉडच्या जोडांचा संशय घ्या. फक्त उभा असेल तर बहुधा खालचा बॉल जॉइंट. दोन्हीकडे असेल तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, तर तो बेअरिंगचा होता.

तपासा: आडवा खेळ आहे, पण बाहेरचा जोड घट्ट आहे, असं असेल तर रॅकच्या रबरी बेलोला बाहेरून चिमटीत धरा आणि चाक पुन्हा हलवा. आतला जोड टकटकताना जाणवला, तर बाहेरचा एंड बदलून काही साधणार नाही.

खेळ नसेल, पण जोडावरचा रबरी बूट (ग्रीस आत ठेवणारी टोपी) फाटलेला असेल, तर? आत धूळ-पाणी गेलेलं असतं आणि ग्रीसची घासणारी पेस्ट झालेली असते. नुसता बूट बदलून थोडे दिवस निभतं, पण माझं मत विचाराल तर एंडच बदला. अलाइनमेंटचा खर्च एकदाच होऊ दे.

## २. पार्ट आणि हत्यारं जमवा

नवा एंड आणल्यावर पहिलं काम म्हणजे चाक काढून तो जुन्याशेजारी धरून बघणं. गाडी उघडून बसल्यावर 'हा तर दुसऱ्या बाजूचा आहे' असं कळायला नको. बऱ्याच गाड्यांत डावा आणि उजवा एंड वेगळा असतो, वाक उलट्या दिशेला असतो. आटे आतून आहेत की बाहेरून, त्यांचा व्यास आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर), खुंटाची जाडी, सगळं जुळलं पाहिजे. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात. आट्यांचा कल डोळ्यांनी बघून घ्या, नाहीतर सैल करतोय असं समजून आवळत बसाल.

लागणारं सामान: जॅक आणि दोन स्टँड, चाकांचे ठोकळे, पान्यांचा संच (एंड रॉडवर घट्ट अडवून ठेवणाऱ्या लॉक नटला मोठा पाना लागतो), टॉर्क रेंच, बॉल जॉइंट पुलर, जड हातोडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पक्कड, स्टीलची पट्टी आणि पांढरा पेंट मार्कर. नवी कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून खुंटातून घालून वळवायची पिन) किंवा नवा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) पार्टसोबत आला नसेल तर वेगळा घ्या. जुना परत वापरायचा नाही, यात तडजोड नाही.

टॉर्क रेंच नसेल तर कुणाचा तरी मागून आणा. या नटाचा टॉर्क गाडीगणिक फार बदलतो. कुठे ३० न्यूटन-मीटरच्या आसपास, कुठे ५० च्या वर. त्यामुळे 'हाताला घट्ट लागला' हे माप इथे चालत नाही. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी लॉक नटाचे आटे ब्रशने घासा आणि स्प्रे मारून ठेवा. उलट क्रमाने करू नका. मातीच्या थरावर मारलेला स्प्रे मातीच पिते. डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर त्याचा थेंबही जाता कामा नये.

## ३. गाडी उचला

सपाट, टणक जमीन हवी. हँडब्रेक, गिअर आणि मागच्या चाकांना ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग जॅक लावा, ठरलेल्या जागी स्टँड ठेवा, वजन स्टँडवर येऊ द्या आणि गाडी हाताने हलवून ती हलत नाही ना ते बघा. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा.

थांबा: पुढे हातोडा मारायचा आहे, पान्यावर जोर लावायचा आहे. एकट्या जॅकवर उभ्या गाडीत हे काम करूच नका.

शक्यतो पुढची दोन्ही चाकं उचला, म्हणजे स्टिअरिंग सहज फिरतं. जोड बाहेर, हाताशी येईल इतकं ते वळवा. स्टिअरिंग लॉक लागू देऊ नका, आणि पाना ओढताना त्या लॉकचा आधार तर मुळीच घेऊ नका. तो चोरांसाठी असतो, पान्याच्या जोरासाठी नाही.

## ४. मोजा आणि खूण करा (अजून पाना लावायचा नाही)

या टप्प्याला अर्धा तास गेला तरी चालेल.

रॉडवरचे आटे साधारण १.५ मिलिमीटर पिचचे असतात. म्हणजे एक पूर्ण फेरा चुकला की रॉड १.५ मिलिमीटरने लांब किंवा आखूड होतो. ऐकायला काहीच नाही. पण स्टिअरिंग आर्म जेमतेम १३ सेंटिमीटरचा धरला, तर तेवढ्याने चाक सुमारे ०.६६ अंश वळतं. ६० सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर पुढच्या आणि मागच्या कडेत जवळपास ७ मिलिमीटरचा फरक पडतो. बहुतेक गाड्यांचं 'टो'चं माप (दोन पुढच्या चाकांमधलं पुढचं आणि मागचं अंतर यांतला फरक) शून्याच्या दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे असतं. म्हणजे अर्धा फेरा चुकला तरी तुम्ही मर्यादेबाहेर. टायर रस्त्यावर सरळ फिरायचं सोडून थोडा थोडा घासत जातो तो यामुळेच.

आता माप घेऊ. तारेच्या ब्रशने एंड, लॉक नट आणि रॉड घासून धातू दिसू द्या. मग तीन गोष्टी करा.

अ) एंडची बॉडी, लॉक नट आणि रॉड या तिघांवरून जाणारी एक सरळ पांढरी रेघ मारा.

आ) रॉडवर आत, लॉक नटापासून दूर, एक आडवी खूण करा. रॉडला पाना धरण्यासाठी चपट्या बाजू असतात, त्यांची कडही चालते. तिथपासून जोडाच्या खुंटाच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. पट्टी धरलेली असतानाचा फोटो काढा.

इ) लॉक नटाच्या आतल्या बाजूला किती आटे दिसतात ते मोजा.

फेरे मोजले की पुरे, असं बरेच जण सांगतात. जुना आणि नवा पार्ट तंतोतंत सारखा असेल तर ते खरं आहे. पण दुसऱ्या कंपनीच्या एंडची बॉडी दोन-तीन मिलिमीटर लांब-आखूड निघते, आणि मग फेरे बरोबर, लांबी चूक. म्हणून मुख्य माप खुंटाच्या मध्यापासूनचं. फेरे फक्त पडताळ्याला.

## ५. लॉक नट सैल करा, पाव फेराच

एंड अजून आर्ममध्ये घट्ट बसलेला आहे, याचा फायदा घ्यायचा. आधी खुंट काढला तर एंड हातात लोंबकळतो आणि गंजलेला लॉक नट सोडवायला काही आधारच उरत नाही. सगळ्यात जास्त उलटा होणारा क्रम हाच.

एक पाना एंडच्या किंवा रॉडच्या चपट्या बाजूंवर आणि दुसरा लॉक नटावर. दोन्ही पाने जवळजवळ धरून हातांनी एकमेकांकडे आवळा. एकच पाना लावून जोर केला तर तो सगळा पीळ आतल्या जोडावर आणि बेलोवर जातो. सरळ आट्यांत नट सुटला की एंडपासून दूर, रॅककडे सरकतो. पाव फेरा झाला की थांबा.

नट ऐकत नसेल तर पुन्हा स्प्रे, दहा मिनिटं थांबा, नटाच्या बाजूंवर हातोड्याचे हलके ठोके, पुन्हा प्रयत्न. ज्योतीने तापवायचा मोह आवरा. अगदी जवळ रबराचा बेलो, बूट आणि ग्रीस आहे.

## ६. कॉटर पिन आणि वरचा नट

पिनेचे पाय पकडीने सरळ करून ती ओढून काढा. गंजून तुटली तर उरलेला तुकडा बारीक पंचने बाहेर ठोका. 'नट फिरवला की पिन आपोआप कापली जाईल' हा शॉर्टकट खुंटाचे आटे खराब करतो.

कॅसल नट (पिनेसाठी वर खाचा असलेला) सैल करून खुंटाच्या टोकाशी समतल आणा, पण पूर्ण काढू नका. टेपर (खुंटाचा निमुळता भाग) सुटताना एंड उसळतो, तो हा नट धरून ठेवतो आणि पुलरखाली आटेही वाचतात.

नायलॉक नट असेल तर नटासोबत खुंटच फिरू लागतो. खुंटाच्या टोकाला अॅलन कीसाठी खाच असेल तर तिने खुंट धरा. खाच नसेल तर जोडाची बॉडी पहारीने आर्मकडे दाबून ठेवा. टेपर पुन्हा घट्ट बसतो आणि खुंट फिरायचा थांबतो. हा नट टेपर सुटायच्या आधीच सैल करून घ्यायचा असतो. नंतर खुंट मोकळा फिरतो आणि नट काही केल्या निघत नाही.

## ७. टेपर सोडवा

खुंट निमुळता असतो आणि आर्मच्या तितक्याच निमुळत्या भोकात रुतून बसतो. तो खेचून निघत नाही, त्याला धक्का लागतो.

पुलरचे पाय एंड आणि आर्मच्या मध्ये बसवा. मधला बोल्ट खुंटाच्या बरोबर मध्यावर येऊ द्या, तिरका लागला तर निसटून तोंडावर येईल. बोल्ट आवळत जा. ताण आला आणि तरी सुटलं नाही तर आणखी आवळत बसू नका. त्या ताणातच आर्मच्या भोकाभोवतीच्या जाड भागावर बाजूने हातोड्याचा एक जोरदार फटका द्या. मोठा टक्क आवाज होतो आणि खुंट सुटतो. आवाजाने दचकू नका, काही मोडलेलं नसतं.

थांबा: फटका आर्मवर, खुंटाच्या टोकावर नाही. आर्म अॅल्युमिनियमचा असेल तर हातोडा बाजूला ठेवा आणि फक्त पुलर वापरा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर आधी नजरेने शोधा आणि हात त्यांच्यापासून लांब चालवा.

दोन टोकांच्या फाळीने ठोकून काढायची पद्धतही आहे. ती रबरी बूट फाडते. एंड टाकूनच द्यायचा असेल तर चालेल, पण दुसऱ्या कामासाठी चांगला जोड सोडवत असाल तर फाळी नको.

## ८. जुना काढा, नवा बसवा

रॉड चपट्या बाजूंवर पाना लावून स्थिर धरा आणि एंड फिरवत काढा. पूर्ण आणि अर्धे फेरे मोजत लिहा. रॉड सोबत फिरला तर मोजणी तर गेलीच, वर बेलोला पीळ पडतो. लॉक नट होता तिथेच राहू दे.

रॉडचे आटे साफ करून त्यावर गंजरोधक ग्रीसचा पातळ थर द्यायला हरकत नाही. पुढच्या वेळी तुम्हालाच सोपं जाईल. आर्मचं निमुळतं भोक मात्र कोरड्या कापडाने पुसून स्वच्छ ठेवायचं. तिथे तेल नको, ग्रीस नको. टेपर घर्षणानेच धरून ठेवतो. तेलकट केला तर नट टॉर्कला येईपर्यंत खुंट भोकात जास्त खोल ओढला जातो.

तपासा: नवा खुंट भोकात हाताने दाबून बघा. हलता कामा नये. नट हलका आवळल्यावर कॉटर पिनचं भोक नटाच्या खाचांच्या उंचीत आलं पाहिजे. ते खाचांच्या बरंच वर गेलं तर खुंट भोकात जास्त उतरला आहे. पार्ट चुकीचा असेल किंवा आर्मचं भोक रुंदावलेलं असेल. दोन्ही बाबतीत काम इथेच थांबतं. वॉशर घालून निभावणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

एंड फिरवत जा आणि मोजलेल्या लांबीवर या. शेवटी खुंट आर्मच्या भोकासमोर यायला हवा, त्यामुळे माप एखादा मिलिमीटर मागे-पुढे राहील. तो फरक आता काढायचा नाही. खुंट बसला की एंड जागेवर ठेवून रॉड त्याच्या चपट्या बाजूंनी थोडा फिरवा, लांबी बारीक बारीक बदलते. त्याआधी बेलोच्या बाहेरच्या टोकाची लहान क्लिप सैल करा, नाहीतर बेलो रॉडसोबत मुरडत जातो आणि फाटतो.

## ९. आवळणी

आधी खुंटाचा नट. टॉर्कवर आणा. कॅसल नटाची खाच भोकाशी जुळली नाही तर आणखी आवळून पुढच्या खाचेवर जा. मागे फिरवून जुळवायचं नाही, कधीच नाही. नवी पिन घाला, एक पाय खुंटाच्या टोकावरून वळवा आणि दुसरा नटाच्या बाजूला खाली दाबा.

मग लॉक नट. इथे एक बारीक गोष्ट राहून जाते. नट आवळताना एंडची बॉडीही थोडी फिरते आणि जोड एका बाजूला कलंडून टेकतो. चाक वर-खाली होताना खुंट बॉडीच्या कडेला आपटतो आणि नवा जोड लवकर ढिला होतो. म्हणून एंडवर दुसरा पाना लावून बॉडी मधोमध धरा, मग लॉक नट आवळा. झाल्यावर एंड हाताने पुढे-मागे डोलवून बघा, दोन्हीकडे सारखाच डोलला पाहिजे.

ग्रीस निपल असलेला एंड असेल तर बूट किंचित फुगेपर्यंतच ग्रीस भरा. बूट टम्म झाला की कड सुटते. निपल नसलेले एंड भरूनच येतात.

लिहिलेलं माप पुन्हा घ्या. चाक बसवा, नट चांदणीच्या क्रमाने (एकानंतर त्याच्या समोरचा) लावा, गाडी खाली घ्या आणि चाकाचे नट टॉर्क करा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून होज कुठे ताणला जात नाही, बूट कशाला घासत नाही, हे बघा.

## १०. टेपने तात्पुरता टो आणि मग अलाइनमेंट

गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या. स्टिअरिंग सरळ ठेवा. दोन्ही पुढच्या टायरांवर, मागच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खडूने एकेक खूण करा आणि त्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. आता गाडी पुढे ढकला, म्हणजे त्याच खुणा फिरून पुढच्या बाजूला त्याच उंचीवर येतील. पुन्हा मोजा. पुढचं माप कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. फरक चार-पाच मिलिमीटरच्या वर असेल तर लॉक नट सैल करून दुरुस्त करा. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर लांब केल्याने टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट.

टेपचं हे माप अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत सावकाश जाण्यापुरतंच आहे. टायर वाचवण्याइतकं ते अचूक नसतं.

मशीनवर स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजू जुळवल्या गेल्या आहेत ना, ते विचारा. एकूण टो बरोबर असूनही स्टिअरिंग तिरकं राहत असेल, तर एका बाजूचा रॉड जितका लांब करायचा तितकाच दुसरा आखूड करायचा असतो. स्टिअरिंग व्हील काढून एक दात पुढे बसवणं हा त्यावर उपाय नाही. व्हील सरळ दिसतं, पण रॅक मध्यापासून सरकलेलाच राहतो. स्थिरता नियंत्रण असलेल्या गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागू शकतो. डॅशबोर्डवर स्थिरता नियंत्रणाचा दिवा पेटला तर आधी हे करून घ्या.

एक बाजू झिजली की दुसरी बदलायची का? दोन्ही एकाच वयाच्या असतील तर बदला, अलाइनमेंट तसंही एकदाच करायचं आहे. दुसरी नुकतीच बदललेली आणि घट्ट असेल तर तिला हात लावायची गरज नाही.

अलाइनमेंट झाल्यावर बेलोची क्लिप पुन्हा बसली आहे का बघा, आणि एंड, लॉक नट व रॉडवरून नवी पांढरी रेघ मारा. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा टॉर्क करा आणि त्याच वेळी चाकामागे वाकून ती रेघ बघा. रेघ नटापाशी तुटलेली दिसली तर लॉक नट सरकला आहे. मग नुसता नट आवळून निघायचं नाही, लांबी पुन्हा मोजायची आणि गाडी पुन्हा मशीनवर न्यायची.